लुडविग गुटमान

सर लुडविग गुटमान (३ जुलै, इ.स. १८९९ - १८ मार्च, इ.स. १९८०) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश मज्जासंस्थातज्ज्ञ व पॅरालिंपिक चळवळीचे जनक होते.

१९१७ साली रुग्णालयात स्वयंसेवक असताना त्यांनी पाठीचा कणा मोडलेला एक खाणकामगार पाहिला. अशा रुग्णाच्या मरणाची वाट पाहण्याचीच तेव्हा रीत होती. तोही काही आठवड्यांत दगावला. गुटमान ज्यू होते. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला गेले.

१९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कण्याच्या दुखापतींचा विभाग त्यांच्याकडे आला. कमरेखाली लुळे पडलेले सैनिक त्या काळी मुख्यतः शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरत. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. उपाय साधा होता, अंमल कठोर. पुढे त्यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, चाकाच्या खुर्चीवरील १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा त्यांनी भरवली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. १९६६ मध्ये गुटमान यांना 'सर' हा किताब मिळाला.

मराठी वाचकास ही चळवळ परिचित आहे ती बहुधा सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्यामुळे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेल्या या जवानाने १९७२ साली ५० मीटर मुक्तशैली जलतरणात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. ती स्पर्धा हायडेलबर्गला, म्हणजे गुटमान यांना सोडावी लागलेल्या जर्मनीतच, झाली होती.