मातीतून गादीवर : खाशाबा जाधव

कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. तेथे फ्लायवेट गटात खाशाबांचा सहावा क्रमांक आला. मातीत वाढलेल्या मल्लाला हे यश थोडे नव्हते. पण गादीची रीतच निराळी. आपल्या लाल मातीत दोन्ही खांदे टेकेपर्यंत खालचा मल्ल हरलेला नसतो. गादीवर वेळ मोजून दिलेली असते, आणि पाठ जमिनीकडे नुसती वळली तरी वरच्याचे पारडे जड होते. तेव्हा सापडण्याआधीच निसटले पाहिजे.

याचे मर्म मला उमगले ते जिऊ-जित्सूमुळे. बोईसरला संध्याकाळी आम्ही काही मित्र ही ब्राझीलची कुस्ती शिकतो. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेले. त्यांच्या शिकवणीतून ती पुढे वाढली. तिच्यात पाठीवर पडूनही रीतसर लढता येते. आपले पाय प्रतिस्पर्ध्याच्या आणि आपल्या धडाच्या मध्ये ठेवायचे. या पहाऱ्याला ‘गार्ड’ म्हणतात. तो टिकवायचा तर गुडघे छातीशी आणि कोपरे गुडघ्यांशी हवेत, मध्ये फट नको. समोरचा बगलेकडे वळू लागताच कंबर सरकवून पुन्हा त्याच्यासमोर यायचे. तो छातीवर बसल्यानंतरची धडपड बहुधा वाया जाते.

खाशाबाही असेच वेळेवर सावरले. लंडनहून परतताच ते पुढच्या ऑलिंपिकच्या तयारीला लागले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. त्यांनी लोकांकडून वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात जपानचे शोहाची इशी पहिले आले. तेही मूळचे ज्युदोपटू! खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे पाहायला देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. सन २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. सरकारी मान पोहोचायला इतका उशीर लागला. प्राचार्यांचे सात हजार मात्र वेळेवर पोहोचले होते. खेळाडूला आधार द्यायचा तो केव्हा, हे आपण सर्वांनी, विशेषतः महाविद्यालयांनी, यावरून शिकावे.