न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

भिन्न मतांच्या माणसांना एका कार्यात गुंफणे हे लोकसेवेतील फार अवघड काम होय. ज्यांनी ते आयुष्यभर केले आणि त्यापायी दोन्ही पक्षांचा रोष पत्करला, त्या न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहोत.

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण कोल्हापुरास गेले. उच्च शिक्षण मुंबईस झाले. १८७१ साली न्यायखात्यातील अधिकारी म्हणून ते पुण्यास आले आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक बनले. १८७५ साली स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत ते आणि जोतीराव फुले दोघेही चालले. शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी फुल्यांनी पुढे रानड्यांच्या मतांवर कठोर टीका केली, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दिवसाचे मोल कळते.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानास रानडे, टिळक व गोखले हे तिघेही उपस्थित होते. त्यावरून सनातनी मंडळींनी बहिष्काराचे शस्त्र उगारले. १८९२ साली रानड्यांनी मित्रांची अडचण जाणून प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना ही माघार वाटली आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

खरी कसोटी पुढेच होती. १८८७ पासून रानड्यांची सामाजिक परिषद राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनानंतर त्याच मंडपात भरत असे. १८९५ साली पुण्यात अधिवेशन ठरले, तेव्हा टिळकपक्षाने या प्रथेस विरोध केला. रानडे तेव्हा हायकोर्टाचे न्यायाधीश होते. त्यांचे अनुयायीही पुष्कळ होते. परंतु मंडपासाठी राष्ट्रीय सभा फुटावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी परिषद वेगळ्या जागी भरविली. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण इत्यादी विषयांचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही प्रतिपक्षाच्या हाती गेली; तेव्हा त्यांनी १८९६ साली डेक्कन सभा स्थापून आपले काम पुढे चालविले.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातलेल्या टिळकांनीच 'केसरी'त त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला.

विद्यार्थीमित्रहो, जागा, मान, अधिकार यांचा हट्ट सोडता येतो. तत्त्व सोडता येत नाही. या दोहोंतील भेद ओळखणे कठीण असते, आणि रानड्यांनाही तो प्रत्येक वेळी सर्वांस पटेल असा दाखविता आला नाही. तरीही आम्हांस वाटते की, मतभेद असूनही एकत्र काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम हाच भेद शिकावा.