आधी एक दार हवं

मैत्रिणींनो, आमच्या समुपदेशन केंद्रात मार खाऊन आलेली बाई कायद्याचं नंतर विचारते. तिचा पहिला प्रश्न असतो, आज रात्री जाऊ कुठे? अशा वेळी मला हमखास पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते लेकीला दिलं. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या. तिथं १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. दोनच वर्षांत ते गेले. पदरात तान्ही मनोरमा, आणि वय अवघं तेवीस!

त्या काळी विधवेचं केशवपन व्हायचं. अर्धपोटी राबायचं, वर टोमणे खायचे. घरातल्या या छळाला कुणी छळ म्हणतच नव्हतं. रमाबाईंनी तो अमेरिकेत जाऊन सांगितला, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. इथं निवारा होता आणि शिक्षणही. इथं शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यावरून पुण्यात वादळ उठलं, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. बाई मात्र डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या ‘मुक्ती’त बायका शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं ‘कृपासदन’ होतं. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या धर्मांतरावर आजही वाद घालता येईल. पण दारात उभ्या असलेल्या बाईला आधी आत घ्यायचं, हे त्यांचं शहाणपण कसं नाकारणार?

आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क तो बाईला देतो. पण कोर्टाचा आदेश हाती येईपर्यंतच्या रात्री तिनं कुठं काढायच्या? म्हणून सांगते, शेजारून किंचाळी ऐकू आली तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. जाऊन बेल वाजवा, १८१ ला फोन लावा. आणि ती आपल्या दारी आलीच, तर चौकशा सकाळी करा. आधी तिला आत घ्या.