मातीतल्या ठेव्यांना बोलके करणारे मिराशी



आपल्या इतवारीच्या सराफ्यात जुना दागिना नेला, की सोनार तो आधी कसोटीवर घासतो, मग काट्यात घालतो. कस आणि वजन कळले की झाला भाव! पण याच नागपुरात एक थोर विद्वान होऊन गेले. ते जुन्या नाण्याचे सोने नाही, तर त्यावरची अक्षरे बघत. ते म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

त्यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणात, देवगड तालुक्यातील कुवळे या गावी झाला. संस्कृत घेऊन ते एम. ए. झाले. १९१९ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि नागपूरचेच झाले. शिकवता शिकवता त्यांना ताम्रपट, शिलालेख आणि नाणी वाचण्याचा नाद लागला.

पूर्वी बँका कुठे होत्या? लोक नाणी-दागिने मडक्यात घालून जमिनीत पुरत. सातवाहन राजांच्या काळी रोमशी आपला व्यापार चाले. इकडून मिरी, कापड, रत्ने जात आणि तिकडून सोन्याची नाणी येत. दक्षिणेत सापडलेल्या काही रोमन नाण्यांना भोक पाडलेले आहे, काहींना कडी लावलेली आहे. म्हणजे ती चक्क गळ्यात घालत! मराठवाड्यातील तेर येथे तर रोमन नाण्यांसारखी मातीची पदकेही सापडली. आजीची पुतळ्यांची माळ आठवते ना? तसेच ते.

बस्तरमधील एडेंगा गावी सोन्याची ३२ नाणी सापडली. पातळ पत्र्याची, एका बाजूने उठावाची, दुसऱ्या बाजूने पोकळ. मुशीत टाकली असती तर घटकाभरात वितळली असती. पण ती मिराशींच्या हाती आली. त्यांनी त्यांवरची नावे वाचली : वराहराज, भवदत्त, अर्थपती. हे नल वंशातले राजे. त्यांची नाणी तोवर कोणाला ठाऊकच नव्हती. मिराशींनी १९३९ साली त्यांवर लेख लिहिला. याच भवदत्ताचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला होता. तो नंदिवर्धनहून दिलेला आहे. नंदिवर्धन म्हणजे आपल्या रामटेकजवळचे नगरधन!

त्याच वर्षी आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा गावी दीड हजारांवर नाणी निघाली. ती सोन्याची नव्हती, मिश्र धातूची होती. सराफाने त्यांना काय भाव दिला असता? पण मिराशींना त्यांत कुंभ, कर्ण आणि शक हे सातवाहन राजे भेटले. पुराणांतील यादीत त्यांची नावेच नाहीत!

१९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. कलचुरी आणि वाकाटक राजांच्या लेखांचे त्यांचे मोठे ग्रंथ १९५५ व १९६३ साली निघाले. १९७५ साली ते पद्मभूषण झाले. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, नांगरताना किंवा घराचा पाया खणताना मडके लागले तर ते लपवू नका, वाटून घेऊ नका, आटवू तर मुळीच नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. ते सरकारने घेतले, तर धातूच्या किमतीवर तिचा पाचवा हिस्सा जादा द्यायची त्यात तरतूद आहे. वडीलमंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. आटवलेल्या सोन्याचे पैसे येतील, पण त्यावरचा राजा कायमचा जाईल. मग मिराशींसारखा विद्वान आला तरी तो वाचणार काय?