कलावंत उद्योजक दादासाहेब फाळके

कला शिकून पोट भरते का, हा प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याला घरीदारी ऐकावा लागतो. उद्या रोहिणखेडसारख्या खेड्यातून आलेल्या आपल्यातल्या एखाद्याने फोटो स्टुडिओ किंवा छापखाना काढायचे ठरविले, तर त्याला भांडवलाइतकीच मनाच्या बळाचीही गरज भासेल. हे बळ कशातून येते, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातून उमगते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला, छायाचित्रण व छपाई शिकले. गोध्र्यास त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. नंतर बडोद्यात हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो, अशा समजुतीने लोक तिकडे फिरकेनात. पुढे त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. तीही सोडून ते छपाईच्या धंद्यात शिरले व १९०९ मध्ये त्या कामासाठी जर्मनीस जाऊन आले. छापखान्याने नाव कमावले, पण भागीदाराशी बिनसल्याने तोही सोडावा लागला.

चाळिशी गाठलेल्या या बेकार माणसाने मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायचा ध्यास घेतला. नातेवाईक व स्नेह्यांना हे वेड वाटले. रात्रंदिवस चित्रपटांचा अभ्यास करताना काही काळ त्यांची दृष्टीही गेली. ती परत येताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

परंतु नुसत्या उत्साहावर कर्ज कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि बीजाचा वेल होतानाची लहानशी फिल्म निवडक लोकांना दाखविली. ती पाहून भांडवल देणारा पुढे आला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही शिकून घेतले. स्त्रीभूमिकेला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि भारतीय कथाचित्रपटाचा पाया घातला गेला.

पुढे ‘लंकादहन’ (१९१७) तुफान चालला. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. मात्र हिशेब आणि अधिकार यांवरून खटके उडाले आणि दादासाहेब काही काळ काशीला जाऊन राहिले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते हलाखीतच वारले. १९६९ पासून भारत सरकारचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावे दिला जातो.

या चरित्रात दोन धडे आहेत. दादासाहेबांचा विश्वास पोकळ नव्हता; हातातली कला आणि आधी करून दाखविलेला लहान नमुना यांवर तो उभा होता. मात्र स्वतःवरील विश्वासाबरोबर भागीदाराशी जमवून घेण्याची व पैसा राखण्याची शिस्तही लागते. मित्रांनो, धंदा छोटा असो वा मोठा, पहिला धडा गिरवताना दुसरा विसरू नये. आणि यशाचा हिशेब मांडताना सरस्वतीबाईंचे नाव गाळू नये.