कमला सोहोनींनी उघडलेले दार आणि आपल्या मुली

दहावीचा निकाल लागला की पेठ वडगाव परिसरातील वस्त्यांमध्ये आम्हाला दरवर्षी तोच प्रश्न ऐकावा लागतो : मुलीला सायन्स कशाला? मार्क असूनही मुलगी मागे राहते. म्हणूनच कमला सोहोनी यांचे जीवन आपल्या युवक-युवतींनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

माहेरच्या कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. गुणवत्ता असूनही बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. कमलाताई थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पाहून मगच तो कायम करण्याची अट घालून. मुलांना अशी अट नव्हती. हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. मात्र कामातून त्यांनी असे उत्तर दिले की पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या घटकावर संशोधन करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि मायदेशी परतल्या. कडधान्ये, नीरा अशा गरिबांच्या आहारातील पदार्थांचे पोषणमूल्य त्यांनी अभ्यासले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. कमलाताईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. घर सवर्ण, सुशिक्षित आणि पाठीशी उभे राहणारे होते. तरीही त्यांना इतके झगडावे लागले. मग ज्या मुलीच्या घरात बारावी पाहणारी तीच पहिली, तिने एकटीने किती लढायचे?

तिचे ते घर आता समाजाने व्हायला हवे. स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून बाबासाहेब समाजाची प्रगती मोजत. विहारात संध्याकाळी गणित-विज्ञानाची अभ्यासिका चालवणे, जात पडताळणीचा प्रस्ताव बारावीतच दाखल करून देणे, सीईटी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरून घेणे, ही कामे कार्यकर्त्यांनी हाती घ्यावीत. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा एका मुलीच्या क्लासच्या फीसाठी राखून ठेवता येईल.

दार उघडले गेले आहे. आपल्या मुलींना तिथवर पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जयभीम!