अण्णांचं बोर्डिंग, आपलं हॉस्टेल

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो त्या पहिल्या रात्री मी रूमपार्टनरला तीन गोष्टी विचारल्या. गाव कोणतं, सीईटीला किती, आणि अॅडमिशन कोणत्या कॅटेगरीतून. तिसऱ्या प्रश्नानंतर तो गप्प झाला. पुढचे आठ दिवस तो मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर जेवला. माझं काय चुकलं ते मला कळेना.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना सहज हे सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले की आमच्या बोर्डिंगात असलं विचारायची सोयच नव्हती. आजोबा १९५० च्या सुमारास साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमध्ये होते. तिथली पोरं भाऊरावांना अण्णा म्हणायची. शाळेत दर २२ सप्टेंबरला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालायचो, भाषणं पाठ करायचो. पण हा माणूस खरा कळला तो त्या सुट्टीत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजचा सांगली जिल्हा. घराणं जैन, वडील सरकारी नोकरीत. शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये होते आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत या असं सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही आणि बोर्डिंगातून नाव कटलं. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. मॅट्रिकची परीक्षा मात्र त्यांच्या हातून कधी पास झाली नाही. केटी लागली म्हणून आपण तोंड पाडून बसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं!

हॉस्टेलमधून काढलेल्या या मुलानं पुढं आयुष्यभर हॉस्टेलंच काढली. १९१० साली दूधगावला सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थी आश्रम सुरू केला. इस्लामपूरला शाळेच्या बाहेर बसवलेला एक मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी सरळ घरी आणलं आणि मग कोल्हापूरच्या बोर्डिंगात दाखल केलं. तोच मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चे संपादक झाले आणि मुंबई कायदे कौन्सिलवरही गेले. शाळेच्या दाराबाहेरचा मुलगा कायदे करायच्या ठिकाणी जाऊन बसला, आणि मध्ये फरक काय पडला तर राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं.

१९१४ च्या कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्या म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या जैन बोर्डिंगनं त्यांना बाहेर काढलं होतं, त्याच बोर्डिंगशी लठ्ठ्यांचा जवळचा संबंध. सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी कोठडी सोसली, पण खोटं बोलले नाहीत.

आपल्या मेकॅनिकलवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे भाऊराव काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत होते. नांगर विकायला गावोगाव फिरावं लागे. त्या फिरतीत त्यांना दिसलं की पोरं हुशार आहेत, पण शाळा लांब आहे आणि शहरात राहायचं कुठं हा प्रश्न सुटत नाही. पुढे सातारा रोडच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. धंद्यात राहिले असते तर बंगला बांधला असता. पण ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सर्व जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिलं.

त्या काळी बहुतेक वसतिगृहं जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, अस्पृश्यांचं वेगळं. भाऊरावांच्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एकत्र स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीत बसायची. एकदा घरात दाणा नव्हता, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. सगळे दागिने त्यापूर्वीच गेले होते. १९३० साली त्या वारल्या. पोरं पोरकी झाली, पण बोर्डिंग बंद पडलं नाही. १९३२ साली पुणे कराराची आठवण म्हणून पुण्याला युनियन बोर्डिंग निघालं.

फुकट काही नव्हतं. कमवा आणि शिका! आजोबा सांगायचे की सकाळी शेतात काम, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा काम. कुदळ हातात आली की कोण पाटलाचा आणि कोण कुणाचा हे विसरायला होई, कारण फोड सगळ्यांच्याच हाताला सारखे यायचे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज याच धर्तीवर उभं राहिलं. खेड्यात जायला मास्तर मिळेनात, तर १९३५ सालीच साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढून त्यांनी मास्तर तयार करायला घेतले होते. १९४८ नंतर सरकारी ग्रँट बंद झाली. तेव्हा लोकांनी धान्य आणि पैसा दिला, गाडगेबाबांनी सरकारकडं शब्द टाकला आणि ग्रँट पुन्हा सुरू झाली.

मॅट्रिक न झालेल्या या अनवाणी माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. ९ मे १९५९ ला ते गेले.

दिवाळीनंतर परत आलो आणि पार्टनरच्या टेबलावर ताट घेऊन बसलो. सॉरी म्हणालो. तो म्हणाला, भात संपायच्या आत घेऊन ये. आज थर्ड इयरलाही आम्ही एकाच रूमवर आहोत.

तेव्हा नवीन ज्युनियर्स येतील त्यांना गाव जरूर विचारा, सीईटीचे मार्क विचारा, जेवण झालं का तेही विचारा. तिसरा प्रश्न तेवढा गाळा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी